सातवी लेकुरवाळी

आमच्या भावकीत कुणाचं लग्न निघालं की मला आधी बोलावणं येतं. मी काही मोठी सुगरण नाही, आणि गाणं म्हणायला लागले तर दारातली कुत्री उठून जातात. पण मी लेकुरवाळी आहे. माझी तिन्ही पोरं जगली, थोरला पृथ्वीराज सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर झाला, आणि नवरा धडधाकट असून रोज नेमानं माझ्याशी भांडतो. एवढ्या भांडवलावर मी इतकी वर्षं हळदीच्या जात्यापाशी मानानं बसत आले.

माझ्या धाकटीनं एकदा मोबाइलवर या शब्दाचा अर्थ काढला. "आई, लेकुरवाळी म्हणजे मुलंबाळं असलेली बाई, बस्स." मी म्हटलं, "लिहिणाऱ्याला दगडाबाईंनी कधी हळदीला बोलावलेलं दिसत नाही." आमच्याकडं तो शब्द एवढा स्वस्त नाही. लग्नाची हळद जात्यावर दळायला ज्या पाच जणी बसतात, त्यांच्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. नवरा हयात पाहिजे, पदरात मूल पाहिजे, आणि मुख्य म्हणजे पहिलं मूल जगलेलं पाहिजे. पहिलं गेलं असेल, तर नंतर चार झाली तरी ती बाई पंगतीत वाढायला चालते, जात्याला चालत नाही. हे तिला तोंडावर कुणी सांगत नाही. फक्त हाक येत नाही.

हळकुंडालाही हाच शब्द. गड्ड्याला बारकी बारकी बोटं फुटलेली असली, की ते लेकुरवाळं हळकुंड. लग्नात तेच लागतं. सुटं, एकटं हळकुंड रोजच्या डब्यात जातं.

कोण लेकुरवाळी आणि कोण नाही, हे ठरवणार दगडाबाई. त्या आमच्या चुलत सासूबाई. आम्ही सगळ्या जावा त्यांना आत्याबाई म्हणतो. ऐंशी कधीच ओलांडली, पाठीतून वाकल्या, पण शब्द वाकत नाही. भावकीतल्या पुरुषांनी सोसायटीच्या निवडणुका लढवाव्यात, लग्नातल्या कायद्याची खुर्ची मात्र आत्याबाईंची.

यंदा लग्न होतं हौसराव भाऊजींच्या राजनंदिनीचं. आमची वस्ती घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या थोडी अलीकडं. राजनंदिनीची आई दूध डेअरीत कामाला, पहाटे जाते ती दुपारी येते. पोरगी खरी वाढली ती काकूच्या, म्हणजे तेजश्रीच्या हाताखाली. वेण्या काकूनं घातल्या, पाढे काकूनं घेतले, आणि कॉलेजला जायचं म्हणून पोरगी हटून बसली तेव्हा घरात भांडलीही काकूच. त्यामुळे हळदीची बोलणी निघाली तेव्हा राजनंदिनीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "जात्याला पहिला हात माझ्या काकूचा."

आत्याबाई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही.

"काकूनं साडी नेसवावी, मेंदी काढावी. जात्याला लेकुरवाळीच लागती, पोरी. मी न्हाई केलेला कायदा, मागल्यांनी केलाय."

"काकूला झालं नव्हतं का बाळ?"

"झालं व्हतं, पर ऱ्हायलं न्हाई."

तेजश्री तिथंच गहू निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "मी हळद चाळून देईन की," एवढंच म्हणाली. मला असा राग आला, की हातातलं सूप तिथंच आपटावं. पण आत्याबाईंपुढं सूप आपटणारी सून अजून जन्मायची आहे.

तेजश्रीच्या मुलाचं नाव शंभू. वढूला शंभूराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन ठेवलेलं नाव. पाच महिन्यांचा गुटगुटीत झाला आणि तापानं गेला. त्याला आता सात-आठ वर्षं झाली, पुन्हा तिची कूस उजवली नाही. आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष घेऊन जातात. आईला नेत नाहीत आणि जागाही सांगत नाहीत. नाहीतर ती तिथंच जाऊन बसायची, असं म्हणतात. "मळ्यात ठेवलाय" एवढंच सत्यजीतनं, तिच्या नवऱ्यानं, तिला सांगितलं. तिनं पुढं कधी विचारलं नाही. पण मी पाहिलेलं आहे, तेजश्री मळ्यातून कधी आडवी चालत नाही. कितीही लांब पडलं तरी बांधाबांधानं जाते. का, ते मला कळायला फार दिवस लागले. तिला भीती वाटायची, आपला पाय पडेल.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मांडवाची तयारी सुरू झाली. आचाऱ्याच्या खरकट्या पाण्यासाठी घरामागं, मळा सुरू होतो तिथं, खड्डा घ्यायचा ठरलं. तिथं पांढरीच्या मातीचा उंचवटा आहे, राखेसारखी भुसभुशीत माती. मागची माणसं ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकायची. हळदीला दोन दिवस उरले तेव्हा सकाळीच जेसीबी आला. सत्यजीत पाहुण्यांना आणायला दौंड स्टेशनला गेलेला, हौसराव भाऊजी मांडववाल्याशी हुज्जत घालत होते, आणि आम्ही बायका पापड तळत होतो.

जेसीबीवाला ओरडला, "भाऊ, हाडं लागली!"

आम्ही सगळ्या धावलो. बकेटच्या दातांत माती होती आणि मातीत एक हाड. कोंबडीचं असेल म्हणावं, तर तसं नव्हतं. बोटाएवढं, पातळ, जरा वाकलेलं. बरगडी होती ती. लहान लेकराची बरगडी ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. ज्या बाईनं लेकराला तेल लावलंय, तिच्या बोटांना ती ठाऊक असते.

सगळ्यांच्या मनात एकच आलं आणि एकीच्याही तोंडून निघालं नाही. मळ्यात ठेवलाय.

तेजश्री माझ्या मागं उभी होती. मी तिला धरायला वळले तोवर ती खड्ड्यात उतरलीसुद्धा. तेलकट हातांनी, चप्पल काढून. चप्पल काढलेली मला अजून दिसते. देवळात शिरताना काढावी तशी तिनं ती कडेला काढून ठेवली होती.

"तेजे, वर ये!" मी म्हटलं. मग मीच खाली उतरले. एवढ्या मोठ्या देहाची बाई खड्ड्यात कशी उतरली, ते मला विचारू नका.

ती हातांनी माती सारत होती. हळूहळू, झोपलेल्या लेकराच्या अंगावरची गोधडी बाजूला करावी तशी. मीही सारू लागले. मातीखाली खापर लागलं. मग गोल काठ लागला, आणि त्याला चिकटून दुसरा काठ. दोन मडकी होती, आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. जेसीबीच्या दातानं एकाचा कोपरा फुटला होता. आत माती भरलेली होती, आणि त्या मातीत बारकी बारकी हाडं.

तेजश्रीनं पदराला हात पुसले आणि फोन काढला. सत्यजीतला लावला. त्या शांततेत फोनमधलं सगळं मला ऐकू येत होतं.

"अहो. शंभूला कशात ठेवलं व्हतं तुम्ही?"

पलीकडं स्टेशनची घोषणा चालली होती.  त्या घरात ते नाव कुणी उच्चारत नसे.

"आपल्या लग्नातलं माझं उपरणं," सत्यजीत म्हणाला. "त्यात गुंडाळला व्हता. का गं?"

"मडक्यात न्हाई?"

"न्हाई. मडकं कुठनं आलं? तेजू, काय झालंय?"

"घराच्या मागं पांढरीत खड्डा घेतलाय."

"तिथं न्हाई तो," सत्यजीतचा आवाज फाटला. "तिथं न्हाई गं. ओढ्याच्या बाजूला, करंजाखाली हाय. मी दर अमुशाला जाऊन येतो. तू रडशील म्हणून कवा बोललो न्हाई."

तेजश्रीनं फोन पदरात धरला. मला वाटलं, आता ही मोकळी होईल, वर येईल. ती आली नाही. मडक्यांपाशी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "जाऊबाई, माझा न्हाई हा. मग कुणाचा हाय? याची आई कुठं हाय?"

तोवर आत्याबाई काठी टेकत आल्या. खड्ड्यात डोकावल्या आणि कडाडल्या, "बुजवा ते! लग्नघरात असली वस्तू! आन् ह्या दोघी त्यात बसल्यात! आता हळद कशी लागायची? सुतक म्हणायचं का काय म्हणायचं ह्याला?"

हौसराव भाऊजींनी जेसीबीवाल्याला खूण केली. तेजश्री उठली नाही. आणि राजनंदिनी, उद्या-परवा हळद लागायची ती पोरगी, बापासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, थांबा. मी राहेल मॅडमना फोन केलाय. त्या येईपर्यंत माती टाकायची नाही."

राहेल मॅडम शिरूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतात, राजनंदिनीच्या आवडत्या बाई. केस पिकलेले, अंगात साधा सुती पंजाबी ड्रेस. तासाभरात त्या स्कूटीवरून आल्या. पाहुणे घेतात तसा चहा त्यांनी घेतला नाही. सरळ खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसल्या आणि खाली पाहत राहिल्या. मग हातानं तोंड झाकलं. 

"कुणी हलवलंय का?"

"न्हाई," तेजश्री म्हणाली. "वरची माती तेवढी काढलीय."

"फार जपून काढलीत," मॅडम म्हणाल्या. "हे जुनं आहे. इनामगावला खणलं होतं तेव्हा अशीच जोडमडकी निघाली होती. तीन हजार वर्षांपूर्वीची. हीही तेवढीच जुनी असतील."

हौसराव भाऊजी हसले. "तीन हजार? मॅडम, आमचं पणजोबाच्या पलीकडचं कुणाला नाव ठाऊक न्हाई."

"त्या वेळी इथं घरं होती," मॅडम सांगू लागल्या. त्या वर्गात शिकवत असतात तसं नाही, देवळात बोलावं तसं हळू. "माती लिंपलेल्या कुडाची घरं, आत चूल. नदीचं पाणी, जवाचं पीक. लहान मूल गेलं की ते त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडक्यांत निजवायचे, तोंडाला तोंड लावायचे आणि घरातच, जमिनीखाली ठेवायचे. वरून पुन्हा जमीन सारवायची. का, ते लिहून ठेवायला त्यांच्याकडं लिपी नव्हती. आम्ही फक्त अंदाज करतो."

"घरात?" तेजश्रीनं विचारलं.

"घरात. म्हणजे आई स्वयंपाक करायची, झोपायची, ती त्याच्या शेजारीच."

मी काही हळवी बाई नाही. पण माझ्या अंगावर काटा आला, आणि तो लवकर गेला नाही. ज्या जागी आम्ही खरकटं ओतणार होतो, तिथं एका बाईचं घर होतं. तिनं आपलं लेकरू लांब नेऊ दिलं नव्हतं. मग ती गेली, तिचं घर गेलं, तिची भाषा गेली. नदीनं कितीदा पात्र बदललं, किती राजे आले आणि विसरले गेले. ते लेकरू मात्र तिनं निजवलं होतं तिथंच निजून होतं. मी हात जोडले. बाजूला पाहिलं तर हौसराव भाऊजींनी टोपी काढली होती.

आत्याबाई तेवढ्या घुम्या होऊन उभ्या. "मॅडम," त्यांनी विचारलं, "तीन हजार वर्षांचं सुतक किती दिवस धरत्यात?"

मॅडमना हसावं की काय करावं कळेना. "आजी, ते मला नाही सांगता येणार."

"कुणालाच न्हाई यायचं," आत्याबाई पुटपुटल्या.

तेव्हा तेजश्रीचा हात मडक्याच्या बाजूच्या मातीत कशाला तरी लागला. तिनं मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी मान हलवली. तिनं माती जरा सारली. मुठीत मावेल एवढं एक तांबूस भांडं दिसलं, एका अंगाला बारीक तोटी असलेलं. मॅडमनी आधी फोटो काढले आणि मग म्हणाल्या, "लहान मुलांजवळ अशी भांडी ठेवत. कशासाठी ते..."

"बोंडलं हाय ते," आत्याबाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्या त्यांच्याकडं वळलो.

"बोंडलं. लेकराला दूध पाजायचं. तुमच्या बाटल्या आल्या काल-परवा. माझी पोरं मी पितळी बोंडल्यानंच वाढवली. तोटी बघा की, लेकराच्या व्हटाला लागंल एवढीच हाय." बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. "वाटंत भूक लागंल म्हणून दिलं आसंल तिनं."

आणि ही बाई, जिला मी कुणाच्या मयतीलाही मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं, ती काठी टाकून मातीतच बसली.

"मला दगडा का म्हणत्यात, ठावं हाय का तुमाला?" त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "माज्या आदी चार गेली. मग मी झाले, तवा आई म्हणली, हिला दगड म्हणा, म्हंजी देवाची नजर जायची न्हाई. दगड कशाला कोण नेतंय? तशी मी ऱ्हायले. माझ्या मागनं दोन भाऊ बी ऱ्हायले. तीन लेकरं पदरात आसून माज्या आईला कुणी जात्याला बोलावलं न्हाई. माज्या लग्नात बी न्हाई. पहिलं गेलं व्हतं ना तिचं. माजी हळद लोकांच्या बाया दळत व्हत्या, आन् ती मागं चुलीपाशी धूर फुकीत बसली व्हती. मला वाटलं, असंच असतंय. मग मी बी तेच करत आले."

 तेजश्री खड्ड्यातून वर आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. ज्या बाईनं तिला नाकारलं, तिच्याच पाठीवर. आपल्याला नसतं बाई जमलं.

संध्याकाळी सत्यजीत आला. त्यानं पाहुण्यांचं सामान उतरवलं, हातपाय धुतले आणि बायकोला म्हणाला, "चल." दोघं उजेड असतानाच मळ्याकडं गेली. मी लांबून पाहिलं. पहिल्यांदाच तेजश्री बांध सोडून वाफ्यातून चालत होती, नवऱ्याच्या पावलावर पाऊल ठेवत, करंजाच्या दिशेनं.

मॅडमनी पुण्याला कळवलं होतं, तिकडची उत्खननवाली माणसं मडकी न्यायला लग्नानंतर येणार होती. तोवर मॅडमनी सांगितलं तसं वर ताडपत्री घातली. आचाऱ्याचा खड्डा दुसरीकडं घेतला. आत्याबाईंनी ताडपत्रीखाली आपल्या हातानं धुवट लुगड्याची घडी ठेवली. मॅडम म्हणाल्या, "आजी, त्यावर नको, बाजूला ठेवा." आत्याबाईंनी बाजूला ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं ऐकलं.

हळदीच्या सकाळी मांडवात जातं मांडलं. जात्याच्या वरच्या पाळीला आंब्याची पानं बांधली, लेकुरवाळी हळकुंडं बांधली. आत्याबाई पाटावर बसून हाका मारू लागल्या. जात्याला बोलावताना आमच्यात बायांना नावानं हाक मारत नाहीत, थोरल्या लेकराच्या नावानं मारतात. "पृथ्वीराजची आई," म्हणून मी गेले. माझ्या मागोमाग एकेक करत चौघी आल्या. पाच भरल्या.

तेजश्री कडेला चाळणी घेऊन बसली होती. हळद चाळून देईन म्हणाली होती ना, त्यासाठी. मी उठायला लागले. माझी जागा तिला द्यायची, आणि आत्याबाईंना काय म्हणायचं ते म्हणोत, असं मी रात्रीच ठरवलं होतं.

"तू कुठं निघालीस?" आत्याबाई खेकसल्या. "बूड टेक खाली." मग त्यांनी मान वळवली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"शंभूची आई!"

 कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. तेजश्रीनं इकडंतिकडं पाहिलं. त्या नावानं तिला इतक्या वर्षांत कुणी हाक मारली नव्हती, आपल्यालाच हाक आलीय हे तिला पटेना.

"शंभूचे आई, हाक ऐकू येत न्हाई का? लेकुरवाळ्या खोळंबल्यात."

"ओ," तेजश्री म्हणाली. तो एवढासा ओ मला जन्मभर पुरेल.

ती येऊन माझ्या शेजारी बसली. पलीकडून कुणीतरी चाचरत म्हणालं, "आत्याबाई, सहा झाल्या. सहा चालत न्हाईत, पाच न्हाईतर सात लागत्यात."

"मला शिकीवती व्हय?" आत्याबाईंनी सुपातलं सगळ्यात मोठं हळकुंड निवडून घेतलं, अंगाखांद्यावर बोटं फुटलेलं. आपल्या शेजारी एक रिकामा पाट मांडला, त्याला कुंकू लावलं आणि ते हळकुंड त्याच्यावर ठेवलं. घरामागच्या ताडपत्रीकडं हात केला.

"त्या लेकराची आई सातवी. तिला नाव न्हाई म्हणून हाक न्हाई मारली, पर आली हाय ती. घाल, शंभूचे आई, पहिली मूठ तू घाल."

तेजश्रीनं हळकुंडाचे तुकडे मुठीत घेतले, त्या रिकाम्या पाटाकडं पाहून मान लववली, आणि जात्याच्या तोंडात सोडले. आम्ही सगळ्यांनी खुंट्याला हात लावला. राजनंदिनी समोर उभी राहून रडत होती, तिला कुणी गप्प केलं नाही.